पानं किती मांडायची?

भाचीचा लॅपटॉप माझ्यासमोर उघडा होता. ती आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. नकाशे काढायचं सॉफ्टवेअर, त्यात अर्धवट रंगवलेली इमारत आणि ब्राउझरच्या चाळीसेक टॅब हे सगळं एकाच वेळी उघडं ठेवून ती काम करते. "मामा, सारखा हँग होतो. दुकानातल्या दादांनी व्हर्च्युअल मेमरी वाढवून दिली, तरी तसाच आहे," असं तिचं म्हणणं. मी सेटिंग उघडून पाहिलं. रॅम ८ जीबी. पेजिंग फाइलच्या दोन रकान्यांत, सुरुवातीचा आकार आणि कमाल आकार, आकडा एकच होता: १२२८८ एमबी. रॅमच्या बरोबर दीडपट. आणि १२८ जीबीच्या त्या सी ड्राइव्हमध्ये मोकळी जागा तीन जीबीसुद्धा उरली नव्हती.

ही दीडपट माझ्या चांगल्या ओळखीची आहे. विंडोज एक्सपीच्या काळात ज्यांनी कॉम्प्युटर शिकला त्या सगळ्यांनी ती पाठ केलेली आहे: सुरुवातीचा आकार रॅमच्या दीडपट, कमाल आकार तिप्पट. एक्सपी स्वतःसुद्धा साधारण याच हिशेबाने फाइल ठेवत असे. तेव्हा घरच्या मशीनमध्ये २५६ एमबी रॅम असायची, म्हणजे फाइल ३८४ ते ७६८ एमबी. ४० जीबीच्या हार्ड डिस्कमध्ये ती कुणाला जाणवतही नसे. आज १६ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर तोच नियम लावला तर २४ ते ४८ जीबी जागा एका फाइलला द्यावी लागते. पण आकडा मोठा आहे ही खरी तक्रार नाही. नियम मुळात उलटा आहे. ज्याच्याकडे ४ जीबी रॅम आहे त्याला तो ६ जीबीची फाइल देतो आणि ज्याच्याकडे ३२ जीबी आहे त्याला ४८ जीबीची. काम दोघांचं सारखंच असेल तर टंचाई पहिल्याकडे आहे, जास्त जागा त्याला हवी. ज्याचं गोदाम आधीच मोठं आहे त्याला आणखी मोठी वखार कशासाठी?

मग आकडा ठरवायचा कसा? त्यासाठी ही फाइल नेमकं काय करते ते पाहायला हवं, आणि ती गोष्ट मँचेस्टरमध्ये सुरू होते.

७ डिसेंबर १९६२ रोजी मँचेस्टर विद्यापीठात 'अ‍ॅटलास' नावाच्या संगणकाचं उद्घाटन झालं. टॉम किलबर्न यांच्या चमूने फेरांटी कंपनीच्या साथीने तो बांधला होता. त्याची वेगवान मुख्य स्मृती होती १६,३८४ शब्दांची. एक शब्द ४८ बिटांचा. आजच्या मापात ही जेमतेम ९६ केबी. तिच्या जोडीला फिरणारे चुंबकीय ड्रम होते, त्यांत याच्या सहापट मावायचं, पण ते खूप संथ होते. मोबाइलवर काढलेला एक साधा फोटो या दोन्हींत मिळूनसुद्धा मावला नसता. त्याआधी प्रोग्राम लिहिणाऱ्याला आपल्या प्रोग्रामचे स्वतःच तुकडे पाडावे लागत. कोणता तुकडा कधी आत आणायचा, कोणता बाहेर काढायचा, हे सगळं हाताने लिहायचं. मूळ काम राहायचं बाजूला आणि सामानाची हलवाहलवच जास्त व्हायची. अ‍ॅटलासने ही हलवाहलव स्वतःकडे घेतली. स्मृतीचे ५१२ शब्दांचे सारखे तुकडे केले, त्यांना 'पेज' म्हणजे पान म्हटलं, आणि मुख्य स्मृती व ड्रम मिळून एकच सलग मोठी स्मृती आहे असं प्रोग्रामला भासवलं. पान आत नसेल तर मशीन काम थांबवून ते ड्रमवरून आणणार आणि त्याच्यासाठी जागा करायला दुसरं एखादं बाहेर पाठवणार. कोणतं पाठवायचं, हे पानांच्या वापराचा माग ठेवून ठरवणारा वेगळा प्रोग्राम त्यात होता. किलबर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रचनेला 'एकपातळी साठवण' असं नाव दिलं होतं. आज आपण तिलाच व्हर्च्युअल मेमरी म्हणतो. भाचीच्या लॅपटॉपमध्ये साठ वर्षांनंतरही तीच कल्पना चालते, फक्त पान आता ४ केबीचं आहे आणि ८ जीबी रॅममध्ये अशी सुमारे २१ लाख पानं मावतात.

'पान' हा शब्द आपल्याकडे जेवणाच्या पंगतीतही आहे, आणि मला ही सगळी व्यवस्था पंगतीच्या भाषेतच सगळ्यांत स्वच्छ दिसते. मंगल कार्यालयातला जेवणाचा हॉल म्हणजे रॅम. तिथे एका वेळी शंभर पानं मांडता येतात. बाहेरच्या मांडवात आणखी पन्नास खुर्च्या आहेत. ती पेजिंग फाइल. जेवण हॉलमध्येच वाढलं जातं. मांडवात बसलेल्याला बसायला जागा आहे, पण पान नाही. त्याची पाळी आली की आतला एक जण उठतो आणि हा आत जातो.

यजमानाने किती जणांना आमंत्रण द्यावं? विंडोज या बाबतीत अत्यंत काटेकोर यजमान आहे. हॉलमधल्या शंभर आणि मांडवातल्या पन्नास मिळून दीडशेच आमंत्रणं, एकही जास्त नाही, कारण ज्याला बोलावलं तो आलाच तर त्याला उभं ठेवायचं नाही. एखादा प्रोग्राम सुरू होताना "मला दोन जीबी लागतील" असं सांगतो तेव्हा विंडोज लगेच दोन जीबी जागा देत नाही, शब्द देतं. या दिलेल्या शब्दांच्या बेरजेला 'कमिट चार्ज' म्हणतात आणि रॅम अधिक पेजिंग फाइल मिळून जी मर्यादा होते तिला 'कमिट लिमिट'. बेरीज मर्यादेला टेकली की पुढच्या प्रोग्रामला नकार मिळतो. मग कधी व्हर्च्युअल मेमरी कमी पडल्याची सूचना येते, कधी ब्राउझरची टॅब कोसळते, तर कधी तीन तास चाललेलं रेंडरिंग काही न बोलता बंद पडतं. गंमत म्हणजे त्या क्षणी रॅममध्ये मोकळी जागा असूही शकते. आमंत्रण मिळालेले सगळे अजून पोचलेले नसतात, पण नवं आमंत्रण देता येत नाही.

पेजिंग फाइलचा आकार या एकाच गोष्टीवर ठरतो: तुमच्या मशीनने सगळ्यांत कामाच्या दिवशी एकूण किती शब्द दिलेले असतात.

हा आकडा पाहायला काही विकत घ्यावं लागत नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. 'परफॉर्मन्स'मध्ये 'मेमरी'वर गेलात की 'कमिटेड' असं लिहिलेलं दिसतं आणि त्याखाली तिरक्या रेघेने जोडलेले दोन आकडे. पहिला आकडा आत्ता दिलेले शब्द, दुसरा मर्यादा. त्याच पडद्यावर 'इन यूज' म्हणून जो आकडा आहे तो वेगळा. तो हॉलमध्ये प्रत्यक्ष किती पानांवर माणसं बसली आहेत ते सांगतो. लोक तोच वाचतात आणि फसतात. शिखराचा आकडा हवा असेल तर मायक्रोसॉफ्टचंच 'प्रोसेस एक्सप्लोरर' हे मोफत साधन उतरवून घ्या. त्याच्या 'सिस्टिम इन्फर्मेशन'मध्ये मशीन चालू केल्यापासून कमिट चार्ज कुठवर चढला ते दिसतं. मार्क रसिनोविच हे विंडोजच्या अंतरंगाचे नावाजलेले जाणकार. त्यांनी २००८ साली याच विषयावर सविस्तर लिहिलं आणि सांगितलेला हिशेब आजही तसाच लागू आहे: शिखराच्या आकड्यातून रॅम वजा करा, जे उरेल ते किमान, कमाल त्याच्या दुप्पट ठेवा. उत्तर शून्याखाली गेलं तर फाइल निदान एवढी असू द्या की मशीन निळ्या पडद्यावर कोसळल्यास त्याची नोंद तिच्यात उतरेल.

भाचीला मी सांगितलं, आठवडाभर नेहमीसारखं काम कर, उगाच टॅब बंद करू नकोस, आणि शनिवारी सबमिशनच्या आधी, मशीन बंद न करता, आकडा मला कळव. शिखर निघालं १०.९ जीबी. रॅम ८ जीबी असली तरी थोडी ग्राफिक्ससाठी राखलेली, म्हणून वापरायला ७.८. वजाबाकी ३.१. थोडी सैल जागा धरून ४ जीबी, म्हणजे ४०९६ एमबी सुरुवातीला आणि ८१९२ एमबी कमाल. दादांनी टाकलेल्या आकड्यापेक्षा तब्बल ८ जीबी कमी, आणि आधीच भरलेल्या ड्राइव्हवर ते ८ जीबी फार मोलाचे होते.

"पण मग वेग?" तिने विचारलं. हा प्रश्न बरोबर आहे आणि त्याचं उत्तर कुणी सांगत नाही म्हणून मला कळकळीने सांगावंसं वाटतं. पेजिंग फाइल वाढवून कॉम्प्युटर वेगवान होत नाही. मांडवात खुर्च्या वाढवल्या म्हणून पंगती लवकर उठत नाहीत. रॅममधल्या पानापर्यंत पोचायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात. चांगल्या एसएसडीवरून तेच पान आणायला सुमारे १०० मायक्रोसेकंद, म्हणजे हजारपट. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवरून सुमारे १० मिलिसेकंद, म्हणजे लाखपट. माणसाच्या मापात आणायचं तर असं समजा: रॅममधलं पान मिळायला एक सेकंद लागला, तर एसएसडीवरचं यायला सतरा मिनिटं आणि हार्ड डिस्कवरचं यायला एक दिवस आणि वर चार तास. अशी एखाद-दुसरी फेरी झाली तर कळतही नाही. सेकंदाला शेकडो फेऱ्या होऊ लागल्या की माउसचा बाण गोठतो आणि डिस्कचा दिवा विझायचं नाव घेत नाही.

या अवस्थेला 'थ्रॅशिंग' म्हणतात. पीटर डेनिंग या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञाने १९६८ साली तिचं कारण नीट उलगडून दाखवलं. प्रत्येक प्रोग्रामचा त्या त्या घटकेला लागणारा पानांचा एक संच असतो. डेनिंगनी त्याला 'वर्किंग सेट' म्हटलं. सगळ्या चालू प्रोग्रामांचे हे संच मिळून रॅममध्ये मावत असतील तोवर सारं सुरळीत चालतं, उरलेली पानं मांडवात कितीही पडून राहोत. संच मावेनासे झाले की एकाला आत घ्यायला दुसऱ्याला उठवायचं आणि त्या दुसऱ्याला पुढच्याच क्षणी परत आत यायचं असतं. सगळे नुसते दारात ये-जा करतात आणि कुणाच्याच पानावर भात पडत नाही. यावरचे उपाय दोनच: आतली माणसं कमी करा, म्हणजे प्रोग्राम बंद करा, किंवा हॉल मोठा करा, म्हणजे रॅम घाला.

याच जागी मोबाइलच्या जाहिरातींविषयी बोललं पाहिजे. "८ + ८ जीबी रॅम" असं खोक्यावर छापून फोन विकले जातात. अधिक चिन्हाच्या पलीकडचे आठ जीबी म्हणजे फोनच्या साठवणीतून बाजूला काढलेला मांडवच. तो असणं वाईट नाही; मागे ठेवलेली एखादी अ‍ॅप बंद न पडता टिकून राहायला त्याची मदत होऊ शकते. पण त्याला रॅमच्या रांगेत बसवून बेरीज करणं ही ग्राहकाची दिशाभूल आहे. सोळा जीबी रॅमचा फोन आणि आठ अधिक आठचा फोन या दोन अगदी वेगळ्या वस्तू आहेत.

उलट टोकाला जाणारेही भेटतात: "माझ्याकडे बत्तीस जीबी आहे, पेजिंग फाइल काढूनच टाकली." हे मला पटत नाही. सकाळी उघडून विसरलेल्या प्रोग्रामची, बदललेली पण आता कुणालाच नको असलेली पानं प्रत्येक मशीनमध्ये असतात. फाइल नसेल तर ती बाहेर पाठवायला जागाच नाही. ती हॉलमध्ये बसून राहतात आणि जी जागा विंडोजने नेहमीच्या फायली हाताशी ठेवायला वापरली असती ती अडते. शिवाय आमंत्रणांची मर्यादा नेमकी रॅमएवढी होते, आणि एखादा व्हिडिओ एडिटर एकदम वीस जीबीचा शब्द मागतो तेव्हा ती अचानक आडवी येते. मोठ्या रॅमवर छोटी फाइल ठेवा, पण ठेवा.

सगळीच पानं त्या फाइलमध्ये जातात असंही नाही. प्रोग्रामचा स्वतःचा कोड डिस्कवर मूळ फाइलमध्ये असतोच, म्हणून त्याची पानं रॅममधून नुसती सोडून दिली जातात आणि लागली की मूळ ठिकाणाहून परत वाचली जातात. पेजिंग फाइलमध्ये उतरतं ते ज्याची दुसरीकडे कुठेच प्रत नाही असं: न जतन केलेला मजकूर, चित्रावर नुकताच मारलेला ब्रश, टॅबमध्ये भरत आणलेला अर्ज. आणि सी ड्राइव्हवर दिसणारी हायबरनेशनची मोठी फाइल ही तिसरीच गोष्ट. तिचा या हिशेबाशी संबंध नाही.

फाइल कुठे ठेवावी? मशीनमध्ये एसएसडी असेल तर तिच्यावरच. "एसएसडी झिजेल" या भीतीने ती हार्ड डिस्कवर हलवणारे पुष्कळ आहेत. विंडोज ७ बनवताना मायक्रोसॉफ्टच्या अभियंत्यांनी प्रत्यक्ष वापराची मोजमापं पाहिली होती आणि २००९ साली ती मांडली: पेजिंग फाइलमध्ये एकदा लिहिलं जातं तेव्हा तिच्यातून सुमारे चाळीस वेळा वाचलं जातं, आणि ती वाचनं बहुतेक छोट्या छोट्या तुकड्यांची असतात. छोटे तुकडे झटपट वाचणं हेच तर एसएसडीचं बळ. झिजेचा हिशेबही करून पाहू. २५० जीबीच्या चांगल्या एसएसडीला १५० टेराबाइट लिहून होईपर्यंतची हमी मिळते. ती दहा वर्षांत संपवायची तर रोज ४१ जीबी लिहावं लागेल. घरच्या कामात पेजिंग फाइल त्याच्या जवळपासही जात नाही. ज्या मशीनवर जाते तिथे रॅम फार कमी आहे, आणि दुरुस्ती तिथेच हवी.

नुसती फिरती हार्ड डिस्क असेल तर एक चूक टाळा: त्याच डिस्कचे सी आणि डी असे भाग पाडून फाइल डी वर नेऊ नका. डिस्क एकच, वाचणारं डोकं एकच, त्याला उगाच दोन टोकांमध्ये धावावं लागतं. अशा डिस्कवर सुरुवातीचा आणि कमाल आकार सारखा ठेवण्यात मात्र अर्थ आहे, म्हणजे फाइल वाढता वाढता विखुरत नाही. पेनड्राइव्हवर तर ती कधीच नको.

इतकं सांगूनही बहुतेक घरांसाठी माझा सल्ला असा की तो 'ऑटोमॅटिकली मॅनेज' चा चौकोन टिक केलेलाच राहू द्या. आजचं विंडोज गरजेप्रमाणे फाइल वाढवतं. वरची मर्यादा रॅमच्या तिप्पट किंवा ४ जीबी यांतली मोठी, पण ड्राइव्हच्या एक अष्टमांशाच्या आत. या व्यवस्थेला एकच गोष्ट लागते, ती म्हणजे ड्राइव्हवर मोकळी जागा. घरोघरी 'व्हर्च्युअल मेमरी कमी' ची तक्रार येते तिच्या मागे अनेकदा फाइलचं सेटिंग नसतं, भरलेला सी ड्राइव्ह असतो. लग्नाचे व्हिडिओ, डाउनलोडमध्ये साचलेले सेटअप, व्हॉट्सअ‍ॅपचं सामान, आणि फाइलला वाढायला जागाच नाही. पंधरा-वीस जीबी मोकळे करा, सूचना थांबते.

हाताने आकडा घालायची वेळ येते ती ड्राइव्ह फार लहान असेल तेव्हा, दोन ड्राइव्ह असून फाइल वेगवान ड्राइव्हवर न्यायची असेल तेव्हा, किंवा एखादा प्रोग्राम एकदम फार मोठी मागणी करत असेल तेव्हा. कारण फाइल वाढायला वेळ लागतो आणि तेवढ्यात तो प्रोग्राम कोसळतो. विंडोज आणि आर एकत्र दाबून 'एसवायएसडीएम डॉट सीपीएल' टाइप करा, 'अ‍ॅडव्हान्स्ड'मध्ये 'परफॉर्मन्स'च्या 'सेटिंग्ज', त्यात पुन्हा 'अ‍ॅडव्हान्स्ड', आणि 'चेंज'. 'कस्टम साइझ'चे आकडे एमबीमध्ये भरायचे, म्हणून जीबीला १०२४ ने गुणा. आणि आकडे भरून झाले की 'सेट' दाबा. नुसतं 'ओके' दाबून बाहेर पडणारे पुष्कळ आहेत, त्यांचा आकडा नोंदलाच जात नाही. फाइल मोठी केली तर बहुधा रीस्टार्ट लागत नाही, लहान केली तर लागतं.

लिनक्स हा वेगळ्या स्वभावाचा यजमान. सगळे आमंत्रित काही येत नाहीत, हे तो धरून चालतो आणि जागेपेक्षा जास्त आमंत्रणं देतो. बहुतेक वेळा ते खपतं. सगळेच आले तर मात्र तो एका प्रोग्रामला निवडून सरळ बंद करतो. त्यामुळे लिनक्सवर थोडा तरी स्वॅप असावा, आणि लॅपटॉप हायबरनेट करायचा असेल तर रॅमच्या आसपास. अलीकडची सगळ्यांत चांगली सुधारणा मात्र मांडव वाढवण्याची नाही, "जरा सरकून बसा" म्हणण्याची आहे. बाहेर पाठवण्याआधी पानं रॅममध्येच दाबून लहान करायची. अ‍ॅपलने २०१३ साली मॅव्हरिक्समध्ये हे आणलं, विंडोज १० मध्ये २०१५ साली आलं, आणि फेडोरा लिनक्सने २०२० सालच्या ३३व्या आवृत्तीपासून दाबलेल्या रॅमलाच स्वॅप म्हणून वापरायला सुरुवात केली. मॅक वापरणाऱ्याला तर आकडा निवडायची सोयच नाही. तिथे स्वॅप फायली गरजेप्रमाणे आपोआप बनतात आणि आपोआप जातात.

भाचीच्या लॅपटॉपवर त्या शनिवारी आम्ही ४०९६ आणि ८१९२ भरले, 'सेट' दाबलं आणि मशीन परत चालू केलं. सी ड्राइव्हवर अकरा जीबी मोकळे दिसले, जुने रेंडर बाहेरच्या डिस्कवर हलवल्यावर तीस. नकाशा आणि ब्राउझर दोन्ही उघडले की अडखळणं तसंच होतं. ते तसंच असणार हे आता तिलाही ठाऊक होतं. पुढच्या महिन्यात तिने साठवलेल्या पैशांतून ८ जीबी रॅमची पट्टी आणली, रिकाम्या खाचेत बसवली, आणि मला फोन करून विचारलं, "मामा, आता सोळा झाली. ते शिखर अकराच्या आतच आहे. मग चौकोनावर परत टिक करू ना?" मी म्हटलं, कर.